राणीचं बिऱ्हाड

राणी काही केल्या हलेना. आर्नुल्फो गुडघे टेकून, काचेला नाक लावून बसला होता. जुन्या पेटीपासून नव्या पेटीपर्यंत पारदर्शक नळी जोडली त्याला आज दुसरा दिवस. कामकरी मुंग्या बुरशीचे कण तोंडात धरून नळीतून लगबगीनं पलीकडे नेत होत्या. राणी मात्र उरल्यासुरल्या बुरशीवर ठाण मांडून होती.

पानं कापून आणायची, त्यांवर पांढुरकी बुरशी वाढवायची आणि तीच खायची, हा या मुंग्यांचा संसार. जुन्या पेटीत आता भलतीच हिरवी बुरशी शिरली होती आणि ती सगळं नासवत चालली होती. या आठवड्यात राणीनं घर बदललं नाही, तर नऊ वर्षांचं वारूळ मातीत जाणार होतं.

"तुम्ही निघणार आहात की नाही?" मागून आवाज आला. त्याची आई, एर्सिलियाबाई, हातात मक्याची चाळणी घेऊन उभी होती. "किती दिवस या जुन्या घराला चिकटून बसणार?"

आर्नुल्फोला भरून आलं. त्यांच्या कुरिती गावात अहो-जाहो सगळ्यांनाच. नवराबायको कडाकडा भांडतात तेही अहो-जाहो करून, आणि कुत्र्याला हाकलायचं तरी 'बाहेर व्हा' म्हणतात. पण आईनं मुंग्यांची म्हणून कधी विचारपूस केली नव्हती. पावसाच्या तोंडाशी या जाड बुडाच्या राण्या जमिनीतून वर आल्या की अख्खं गाव त्या वेचतं आणि मीठ लावून भाजून खातं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं हीच राणी आईच्या टोपलीतून पळवली होती. तेव्हापासून बाईंचं एकच पालुपद, "चांगला घास वाया घालवला."

"अशी घाई करून चालत नाही, आई," तो म्हणाला.

"मग जरा ढकलू का?"

"छे! ढकलायचं मुळीच नाही. ढकललं की आणखी घट्ट बसतात. आपल्या पायांनी गेलं तरच टिकतं."

"बरं," आई म्हणाली. "नाही ढकलत."

राणी घरात आली त्याच वर्षी लुदिविनाशी त्याचं लग्न ठरलं होतं. ते अजून ठरलेलंच होतं. आधी वडिलांचं वर्ष व्हायचं होतं, मग घराची कौलं, मग आईचा गुडघा. बेचाळीस वर्षांचा हा गडी घायपाताच्या चपला विणायचा, सकाळी आईच्या हातचं दूध-अंड्याचं सूप ओरपायचा आणि दर रविवारी बसनं जवळच्या सान हिल शहरात जाऊन लुदिविनाला भेटून यायचा. गेल्या रविवारी तिनं भाड्याच्या घराची किल्ली त्याच्यापुढे ठेवली. "येत्या रविवारी सामान घेऊन या. नाहीतर भेटायलाही येऊ नका."

"मुंग्यांचं बिऱ्हाड एकदा मार्गी लागू दे, की आलोच," हा म्हणाला. लुदिविना हसली नाही. ती खरंच दार लावून घेईल या विचारानं त्याची झोप उडाली होती. पण आई या घरात एकटी जेवते आहे असं चित्र डोळ्यांपुढे आलं की त्याचा पाय उचलत नसे.

गुरुवारी त्यानं जुन्या पेटीवरचं फडकं काढलं. आत ऊन जाऊ दिलं, पाणी शिंपडणं बंद केलं. नव्या पेटीत अंधार, ओलावा आणि संत्र्याची कोवळी पानं. मुंग्यांना घर असंच दाखवायचं असतं.

शुक्रवारी आई स्टूल ओढून त्याच्या शेजारीच बसली.

"तिकडे सगळं तयार आहे," ती म्हणाली. "मग तुम्हाला भीती कसली वाटते?"

आर्नुल्फोनं क्षणभर विचार केला. राणीच्या वतीनं उत्तर द्यायला दुसरं होतं कोण?

"जायची भीती नसते, आई. मागचं उघडं पडेल याची असते. इतकी वर्षं सांभाळलं ते आपली पाठ वळताच कोसळेल, असं वाटतं."

"मागे आहे काय मोठं? एक जुनी भिंत. ती तुमच्या आधीपासून उभी आहे, नंतरही उभी राहील." आईनं नाक ओढलं. "आणि भिंतीला शेजारीपाजारी असतात."

बाईंना मुंग्यांचा लळा लागला, असं त्यानं मनोमन ठरवून टाकलं. त्या आनंदात तो नळी पुसत बसला.

शनिवारी दुपारी बुरशीचा शेवटचा कण गेला. उघड्या, कोरड्या काचेवर राणी एकटी राहिली. तिनं मिशा हलवल्या. मग ते अवजड बूड ओढत, पाच-पन्नास कामकऱ्यांच्या गराड्यात ती नळीत शिरली. आर्नुल्फो श्वास रोखून बघत होता. ती अडली, थांबली, पुन्हा निघाली आणि पलीकडच्या अंधारात उतरली.

"आई! गेली! तुमचं ऐकलं तिनं!"

एर्सिलियाबाई एप्रनला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची खटपटही त्यांनी केली नाही.

"मला त्या किड्यांशी काय करायचंय, बाळा?" त्या म्हणाल्या. "ढकलायचं नाही म्हणालात, म्हणून चार दिवस मी तुम्हाला नुसतं विचारतेय."