ऑनोराची मुलगी

मेंढी चोरली म्हणून ऑनोराला आयर्लंडहून समुद्रापार होबार्टच्या तुरुंगात धाडलं होतं. तिथे जन्मलेली तिची लेक अंगावरचं दूध सुटताच अनाथाश्रमात नेली, तेव्हा ऑनोरा रडली. त्यानंतर कधीच नाही. शिक्षा संपली त्या दिवशी ती थेट अनाथाश्रमाच्या फाटकाशी आली.

"मुलीला न्यायला आलेय."

"आत्ता आठवण झाली होय?" म्हणत तिथल्या नव्या बाईंनी अंगणात हाक मारली, "विनिफ्रेड गॅफ्नी!"

मुलींत कुजबुज झाली. मग एक काटकुळी पोर पुढे आली.

"हीच ना तुझी?"

"हीच."

ऑनोराने तिचा हात धरला आणि दोघी टेकडी उतरू लागल्या. थोडं पुढे गेल्यावर पोर थांबली.

"मी विनी नाही हो. विनी गोवराने गेली, मागच्या हिवाळ्यात. मारायचं तर मारा, पण मला परत नका पाठवू."

"तिचे डोळे निळे होते," ऑनोरा तिच्याकडे न बघताच म्हणाली. "चल, पाय उचल. बाई अजून फाटकात उभ्या आहेत. मला आई म्हण. जरा मोठ्याने."