घमेल्यातलं तेल

वर्षभर दारात उभा असलेला ट्रॅक्टर घेऊन माणिकराव ताडकळसच्या गॅरेजवर आले, तेव्हा रामप्रसाद मेस्त्रीला त्यांच्याकडे बघवेना. याच ट्रॅक्टरची वर उचललेली ट्रॉली गेल्या साली अचानक खाली आली आणि तिच्याखाली त्यांचा मुलगा अमृत गेला.

"ट्रॉली उचलायच्या हायड्रॉलिकचं तेल कमी झालंय. वरून टाक, लगेच निघतो," माणिकराव म्हणाले.

रामप्रसादनं आधी सगळं जुनं तेल घमेल्यात सोडलं. ते काळंभोर होतं, आणि त्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता.

"गेल्या साली तर वरूनच टाकलं होतं तू," माणिकराव म्हणाले.

रामप्रसादचे हात थांबले. "तवाबी असंच काळं होतं, मामा. कचऱ्यानं व्हॉल्व्ह अडकला की ट्रॉली वर थांबत न्हाई, हे मला मालूम होतं. अमृतला घाई होती. मी तेल बदललं न्हाई."

माणिकरावांनी वाकून घमेल्यातला चुरा बोटांवर घेतला. रामप्रसाद मान खाली घालून, मार खायच्या तयारीनं उभा होता.

"टाकी आतून नीट धुऊन घे," माणिकराव म्हणाले. "उद्यापासून सून चालवणार हाय."