प्रांजळ मत

निफाडच्या धोंडीराम बोरस्त्यांनी कवितांची वही पाठवून 'प्रांजळ मत कळवा' असं लिहिलं होतं. दातरंगे सरांनी त्या पत्राला उत्तरच दिलं नव्हतं. कविता सुमार होत्या. खरं लिहावं तर माणूस दुखावेल, आणि खोटं लिहिण्याची हाताला सवय नव्हती. तत्त्वज्ञानाचे हे निवृत्त प्राध्यापक आता एआयला शिकवत होते, की कुणाची खोटी स्तुती करू नये.

"यंत्राला खरं बोलायला शिकवता, मग या माणसाला दोन ओळी लिहायला काय होतं?" त्यांच्या पत्नी सरिताबाई टोचत.

शेवटी धोंडीरामांचाच फोन आला. "सर, नातीनं तुमच्या त्या एआयला कविता दाखवल्या. कच्च्या हायत म्हनं. लय लागलं हो मनाला. द्राक्षबागेत राबत उभा जन्म लिहीत आलो. आता तुम्हीच सांगा, खरं हाय का ते?"

"पत्रानं कळवतो," एवढंच सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाशिक रोडला जाऊन त्यांनी पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकलं. त्यावर एकच ओळ होती:


"धोंडीरामजी, यंत्राला कवितेतलं काय कळतं?"