कोपऱ्यातली माती

"तिथे फावडं लावू नका," बाई म्हणाल्या.

कारागीर थांबला. मागचं बाकीचं अंगण त्याने वीतभर खोल खणून काढलं होतं. चिकणमाती ती. ओली झाली की फुगते, वाळली की तडकते. तिच्यावर नकली गवत तसंच अंथरलं तर वर्षभरात टेंगळं उठतात. म्हणून ती काढायची, खडी भरायची, वर दगडाचा बारीक कच पसरून धुम्मसाने ठोकायचा आणि मगच गवत. साहेब नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना घरच्या घरी गोल्फचा सराव करायचा होता. लांब टोले मारायला नाही, चेंडू हलकेच भोकात ढकलायला. तेवढ्यापुरती छोटीशी सपाट हिरवळ. कुंपणालगतच्या कोपऱ्यात खणू नका, वरूनच गवत टाका, असं त्यांनीही बजावलं होतं. बजावताना ते कोपऱ्याकडे पाठ करून उभे होते.

"न खणता कसं चालेल, बाई? तेवढाच तुकडा फुगून वर येईल. चेंडू तिथे ठरणारच नाही."

बाईंनी फाटकाकडे पाहिलं. साहेब सकाळीच बाहेर गेले होते, संध्याकाळशिवाय येणार नव्हते.

"तिथे माझी मुलगी आहे," त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीत कुणी झोपलंय, आवाज करू नका, असं सांगावं तशा सुरात. कारागिराने फावडं मागे घेतलं.

एकतीस वर्षं झाली होती. बाळंतपणानंतर बाई अकरा दिवस बेशुद्ध होत्या. डोळे उघडले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाळाला पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून, लाकडी खोक्यात ठेवून साहेबांनी स्वतःच्या हातांनी इथे पुरलं होतं. कमरेइतका खड्डा केला, असं त्यांनीच सांगितलं होतं. नंतर ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत, की या कोपऱ्यात कधी फिरकले नाहीत.

"ह्यांना सोसवत नाही," बाई म्हणाल्या.

त्या मात्र रोज यायच्या. उन्हाळ्यात इथली जमीन हात जाईल इतकी फाटायची. बाई बादलीने पाणी ओतून ओतून भेगा मिटवायच्या. "आत वारा जातो ना." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "एकदा भेगेला कान लावला होता. श्वास ऐकू आला. कुणाला सांगितलं नाही. वेड्यात काढलं असतं मला."

खडीचं घमेलं घेऊन आलेल्या कारागिराच्या मेहुण्याने हे ऐकलं. त्याने घमेलं जागच्या जागी ठेवलं. "दाजी, मी जरा टेम्पोत बसतो," म्हणाला आणि गेला तो गेलाच.

"उचला तिला," बाई म्हणाल्या. "सावकाश. ह्यांना कळायच्या आत. मी इथेच बसते." मांडीवर त्यांनी मऊ दुलईची घडी आणून ठेवली होती.

कारागिराने फावडं बाजूला टाकलं. गुडघ्यांवर बसून तो थापीने माती खरवडू लागला. दुपार टळली. वाऱ्याचं नाव नव्हतं. गुडघाभर खोल गेला, काही नाही. टॉवेल कुजला असेल, लाकूड कुजलं असेल, एवढीशी हाडंही विरली असतील, असं त्याने स्वतःला समजावलं. पण खोक्याचे खिळे? दोनदा त्याच्या मानेवर गरम श्वास आला. दोन्ही वेळा बाईच होत्या, वाकून बघत होत्या.

खड्डा कमरेला लागला आणि त्याची नजर खड्ड्याच्या भिंतीवर गेली.

वर हातभर काळी माती. खाली पिवळी. दोन्हींच्या मधोमध चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांची एक ओळ. शिवण घातल्यासारखी सरळ. चारही बाजूंना, कुठेही न तुटलेली.

वीस वर्षं तो लोकांची अंगणं खणत होता. बुजवलेला खड्डा त्याला लांबून कळायचा. एकदा उकरली की काळी-पिवळी एकमेकींत मिसळते, ती शंभर वर्षांनीही वेगळी होत नाही. त्याने डावीकडे दोन हात खणलं. उजवीकडे खणलं. तीच ओळ. हाडं निघाली असती तर तो एवढा भ्याला नसता.

खोटं बोलता आलं असतं. त्याने एक ढेकूळ उचललंही. 'माती झाली हो तिची,' एवढंच म्हणायचं. बाईंनी दुलई उलगडून पुढे केली. त्याला ते ढेकूळ तिच्यात ठेववेना.

"बाई," तो म्हणाला, "ही माती आजवर कुणी उकरलेलीच नाही."

बाई खड्ड्यात उतरल्या. पांढऱ्या ओळीवर त्यांनी बोट टेकवलं आणि ते न उचलता चारही भिंतींवरून फिरवलं. जिथून सुरुवात केली तिथे परत येईपर्यंत.

फाटकाशी गाडी थांबली. साहेब नव्या चेंडूंची पिशवी घेऊन अंगणात आले. त्यांना खड्डा दिसला, खड्ड्यात कमरेइतकी उभी असलेली बायको दिसली. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं नाही.

"ती कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"तू वाचत नाहीस असं डॉक्टर म्हणाले होते," साहेब म्हणाले. "मी एकटा होतो. एवढंसं बाळ घेऊन मी काय..."

"ती कुठे आहे?"

साहेबांनी चेंडूंची पिशवी खाली ठेवली.

"तिला अजून यातलं काही माहीत नाही," ते म्हणाले.