दाराचा फोटो

“बाई, जरा त्या दाराशी उभ्या राहता का? डावीकडे, दगडाला टेकून.”

चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या बाईने हातातला झाडू खाली ठेवला, केस सारखे केले आणि कॅमेऱ्याकडे बघून छान हसली.

“हसू नका. फोटो दाराचा आहे.”

“मग मी कशाला?”

“दार केवढं आहे ते कळायला शेजारी माणूस लागतं.”

नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस. सुटी मिळाली की खेड्यापाड्यांतली जुनी चर्चं धुंडाळायची, त्यांच्या कमानी, दारं, खिडक्या टिपायच्या, हा त्याचा नाद. दाराशी उभी राहायची ती बायको. “तुमच्याकडे माझी मोजपट्टीची नोकरी,” म्हणायची आणि तिचं तिलाच हसू फुटायचं. हा खेकसायचा, “हसू नकोस. हसलीस की हलतेस.”

ती गेली त्याला महिना झाला होता. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून लेकीने सगळी कपाटं उपसली. फोटो ढीगभर निघाले. दगड न् दगड मोजून घ्यावा इतका स्पष्ट, आणि आई नखाएवढी. दुकानदाराने त्यातला एक मोठा करून दिला, तर चेहऱ्याच्या जागी नुसते ठिपके. आता भिंतीवर काय, कमान लावायची?

घरात बसून खंगत चालला होता म्हणून आज लेकीनेच त्याला ओढून बाहेर काढलं होतं. आणि इथे येऊन स्वारीचं पुन्हा तेच.

“बाबा, पुरे झालं हो,” ती म्हणाली. “आईजवळ एकदा तरी जायचं होतंत कॅमेरा घेऊन.”

तो कॅमेऱ्याची काच पुसत राहिला. परवापासून डोळे मिटले तरी बायकोचा चेहरा त्याला नीट दिसत नव्हता. त्या भीतीने तो पार खचला होता, पण हे लेकीला सांगायचं कसं?

“मागच्या खेपेला तुमच्या बाईच उभ्या होत्या ना इथं?” किल्लीवाली म्हणाली. “ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, सावलीत या. तर म्हणाल्या, यांचं होऊ दे आधी. आज नाही आल्या?”

लेकीने तोंड फिरवलं.

“बाई, तुम्ही व्हा बाजूला,” तो म्हणाला. त्याने स्टँडवरून कॅमेरा काढला आणि दाराकडे चालू लागला. चौकटीच्या एका दगडाचा टवका उडालेला होता. तिचं डोकं बरोबर तिथवर यायचं, हे त्याला पाठ होतं. त्याच्या जरा खाली, अगदी जवळ, त्याने कॅमेरा धरला.

“साहेब, तिथं नुसती भिंत आहे,” किल्लीवाली म्हणाली.

“हस आता,” तो हळूच म्हणाला. “हललीस तरी चालेल.”