तोंड उघडायचं नाही

“काझी काहीही विचारू दे, तोंड उघडायचं नाही,” रुकय्याने भाचीला पुन्हा बजावले.

“पण मी सरळ ‘नाही’च म्हणते ना, आत्या!” इल्हाम कुजबुजली.

“म्हण की! नाही म्हणणारीला चोपून हो म्हणायला लावतात. गप्प बसणारीचं काय करणार, सांग?”

इल्हामला राजधानीत, सना शहरातल्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिचा बाप अब्दुलवासे मात्र तिला एका मधाच्या व्यापाऱ्याला द्यायला निघाला होता. व्यापाऱ्याच्या घरात आधीच दोन बायका होत्या. शनिवारी कॉलेज सुरू होणार होते आणि निकाह आजच होता.

रुकय्या अनुभवाने बोलत होती. तिच्या पहिल्या निकाहाच्या वेळी ती अंगणात सागरगोटे खेळत होती, तिला कोणी काही विचारलेच नव्हते. त्याची खंत तिला अजून होती. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि भावाने तिला दिराच्या गळ्यात बांधायचा घाट घातला. त्या वेळी काझीने पडद्याआडून विचारले. रुकय्या मख्ख बसून राहिली. शेवटी काझी वही मिटून, जोडे घालून चालता झाला. भाऊ वर्षभर तिच्याशी बोलला नाही. तिला काही फरक पडला नाही. आयुष्यात तिने स्वतः जिंकलेली तेवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळे हातातून निसटलेलेच.

इल्हामही आत्याच्या सांगण्यावरून सुपारी फुटल्यापासून घरात कोणाशी बोलली नव्हती.

“मूग गिळलेस का गं?” बाप चिडवायचा. मग चिडायचा. मग आईवर खेकसायचा. पोरगी हूं की चूं करत नव्हती. रुकय्याला तिचा फार अभिमान वाटत होता.

दुपारच्या नमाजानंतर काझी आला. बैठकीत पुरुष गालात हिरव्या पानांचा तोबरा धरून बसले होते. आतल्या खोलीत बायका होत्या, मध्ये पडदा.

“इल्हाम बेटा,” काझीचा म्हातारा, मऊ आवाज आला, “हा निकाह तुला कबूल आहे का?”

इल्हाम गप्प राहिली.

“मनात नसेल तर सांग. मी इथे बसलोय, तुला कोणी हात लावणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी हा निकाह लावायचा नाही.”

इल्हामने मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते. ओठ उघडले आणि रुकय्याने चटकन तिच्या तोंडावर तळहात दाबला. इल्हामने एकदा आत्याकडे पाहिले, मग मान खाली घातली.

काझीने पुन्हा विचारले. बराच वेळ थांबला. आतून आवाज आला नाही. रुकय्या त्याच्या जोड्यांच्या आवाजाची वाट पाहू लागली.

“काझीसाहेब,” अब्दुलवासे रडकुंडीला आला होता, “ताईच्या वेळेसारखे उठून जाऊ नका हो! माझी अब्रू जाईल.”

काझी हसला.

“वेडा आहेस. तुझी ताई विधवा होती, विधवेला तोंडानं हो म्हणावं लागतं. कुमारिका गप्प बसली की तोच तिचा होकार. चल, मिठाई आण.”