पंतांनी छडी खाली घेतली

रचनेच्या दुसऱ्या भागाच्या ऐन मध्यावर विष्णुपंतांनी छडी खाली घेतली.

छडी खाली आली की वाजवणं थांबवायचं, हा त्यांच्या ऑर्केस्ट्राचा पहिला धडा. रेल्वेतले कारकून, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले हवालदार, चर्चच्या शाळेतल्या बाया, असे जमतील तसे लोक धरून पंतांनी जबलपुरात हा ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि हा एक धडा नाही नाही ते बोलून त्यांच्या हाडात मुरवला. “मी थांबलो का तुम्हीही थांबाचं. मागून वाघ येऊन राहिला असंन तरी!”

आज शहीद स्मारकाचा हॉल गच्च भरला होता, छडी खाली आली होती आणि एकही माणूस थांबला नाही. व्हायोलिनं चालू, बासरी चालू, पियानोवर विनताही चालूच.

थांबतील कसे? पंतांचं डोकं आता साथ देत नव्हतं. सकाळच्या तालमीत ते संथ भागाला भलतीच घाई करून राहिले होते, आणि मधेच विनताला म्हणाले, “तुम्ही कोण, बाई?” जिला त्यांनी लहानपणी स्टुलावर दोन उशा रचून पियानोपुढे बसवलं, तिला! आज परदेशात तिच्या नावावर तिकिटं खपतात. पंतकाकांचा हा शेवटचा कार्यक्रम, म्हणून ती एवढ्या लांबून आली होती. ती व्हरांड्यात जाऊन रडली. पहिला व्हायोलिनवाला श्यामसुंदर तिच्यामागे आला.

“दीदी, प्रोग्राम कॅन्सल केला तर मास्तर खचून जातील. तुम्ही त्यांच्याकडे पाहूच नका. माझ्या व्हायोलिनच्या गजाकडे पाहा. दिवाळीपासून आम्ही सगळे तेच करून राहिलो. त्यांना पत्ता नाही लागू दिला.”

“आणि लागला तर?”

“नाही लागत जी. त्यांचे हात हलत राहतात न.”

आता हात हलत नव्हते.

पोरांना दिसलं नसेल, असं पंतांना आधी वाटलं असावं. त्यांनी छडी पुन्हा वर नेली आणि ठसक्यात खाली आणली. काही नाही. मग ते एकेकाकडे पाहू लागले. ज्याच्याकडे पाहावं त्याची नजर दुसरीकडेच. ती कुठे जाते ते बघत बघत पंत श्यामसुंदरच्या गजापर्यंत पोचले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आपल्या विनूचं नाव आठवत नाही, पण हे मात्र बरोबर कळलं! देव तरी काय एकेक खेळ करतो.

पहिल्या रांगेत डॉक्टर गुणवंतराव बायकोच्या कानाशी वाकले.

“बघ, याला म्हणतात हुकमत. हात न हलवता वाजवून घेऊन राहिले.”

“अच्छा!” बाई म्हणाल्या आणि कौतुकाने पुढे सरकून बसल्या.

पंतांनी विनताकडे पाहिलं. तिनेही नेमकं तेव्हाच वर पाहिलं, आणि आता आपल्याला दिसलंच नाही असं म्हणायची सोय उरली नाही. तिने हात उचलले असते तर सगळं तिथल्या तिथे थांबलं असतं. एवढी मोठी पियानोवाली ऐन वेळी विसरली, असं लोक म्हणाले असते. म्हणेनात का! काकांची छडी खाली आणि सगळे थांबलेले, एवढंच तर करायचं होतं. तिला ते अगदी स्पष्ट कळत होतं. तिला स्वतःची शिसारी आली. तरी बोटं चालत राहिली आणि डोळे श्यामसुंदरच्या गजाकडे वळले.

पंत चौथऱ्यावरून उतरले नाहीत. दुसरा भाग संपला, तिसरा सुरू झाला, तोही संपला. तोवर ते हात खाली सोडून बसची वाट बघणाऱ्या माणसासारखे उभे होते. एक सूर चुकला नाही. ऑर्केस्ट्रा इतका सुरेख कधीच वाजला नव्हता.

लोक उभे राहिले. टाळ्यांनी हॉल दणाणला. विनता उठून पंतांपाशी गेली आणि वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला, तसा टाळ्यांना आणखी जोर चढला. पंत तिच्याकडे बघून हसले. ओळखून हसले.

“विनू, मी थांबलो होतो.”

“हो, काका.”

“तू पाहिलं.”

“हो.”

“मग काहून नाही थांबली?”

“एवढे लोक होते न, काका. तुमची लाज जाऊ नये म्हणून...”

“माझी?” पंत म्हणाले.



टाळ्या थांबेनात. अशा वेळी मास्तरांनी ऑर्केस्ट्राकडे वळून हात वर करायचे आणि सगळ्यांनी उभं राहून आपल्या वाट्याच्या टाळ्या घ्यायच्या, अशी रीत. पंत रीत विसरले नव्हते. ते वळले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

कुणी उठलं नाही. सगळे श्यामसुंदरकडे बघत होते. तो उठला की उठायचं. आणि श्यामसुंदर मांडीवरच्या व्हायोलिनवर वाकून, तोंड लपवून रडत होता.

पंतांनी हात आणखी थोडे वर नेले.